मदत हवी आहे: पॅटिओवरच्या कुंडीसाठी कोणती क्लेमॅटिस घेऊ?

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. घरामागे फरशीचा छोटा पॅटिओ आहे, त्यामुळे जे लावायचं ते कुंडीतच. सह्याद्रीत पावसाळा सरताना पांढऱ्या फुलांनी लगडणारी आपली मोरवेलही क्लेमॅटिसच, म्हणून इथे हीच वेल हवी असा माझा हट्ट आहे.

क्लेमॅटिसच्या जातींपैकी मोंटाना बाद केली, ती आठ-दहा मीटर पसरते. 'नेली मोझर' फार आवडते. फिकट गुलाबी पाकळी आणि मधोमध गडद पट्टा! पण कडक उन्हात तिचा रंग उडतो, आणि आमच्याकडे दुपारपासून संध्याकाळपर्यंत थेट ऊन असतं. म्हणून दीड-दोन मीटरवर थांबणाऱ्या 'पिलू'कडे मन झुकतंय. कुणी ती कुंडीत वाढवली आहे का? हंगामाच्या सुरुवातीची दुहेरी (भरगच्च पाकळ्यांची) फुलं कुंडीतही येतात का?

की उशिरा फुलणारी, फेब्रुवारी-मार्चमध्ये फूटभर ठेवून छाटायची जात घेऊ? छाटणी सोपी, हे मला मोलाचं वाटतं.

कुंडी ४५ सेंटीमीटर रुंद आणि तितकीच खोल घेणार आहे. मातीची बरी की प्लास्टिकची? मुळं थंड राहावीत म्हणून बुंध्याशी काय लावता? ही वेल पानांच्या देठांनी पकडते, जाड पट्ट्यांना तिची मिठी बसत नाही, म्हणून बारीक तार ताणायचा विचार आहे. दोन तारांत किती अंतर ठेवू?

फोटो असतील तर नक्की टाका. याच महिन्यात रोप आणायचं आहे.