पीक डिस्ट्रिक्टमध्ये ग्रॅव्हल सायकलने दोन दिवस: कोणत्या वाटा निवडाव्यात?

लेस्टरवासी

नमस्कार. मे अखेरच्या बँक हॉलिडेला, म्हणजे सार्वजनिक सुटीला, जोडून मी आणि माझा धाकटा भाऊ पीक डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे इंग्लंडमधल्या या डोंगराळ राष्ट्रीय उद्यानात, दोन दिवस सायकल चालवण्याचा विचार करत आहोत. दोघांच्या सायकली ग्रॅव्हल, म्हणजे खडीच्या कच्च्या वाटांवर चालणाऱ्या, असून त्यांना ४० मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर आहेत. पुढे ४० दातांची एकच चकती आणि मागे सर्वांत मोठी चकती ४२ दातांची. डांबरी रस्त्यावर दिवसाला ऐंशी-नव्वद किलोमीटर आम्हांला जड जात नाहीत, परंतु खडीवरच्या चढांचा अनुभव दोघांनाही बेताचाच आहे. जुन्या रेल्वेमार्गांवरच्या सायकलवाटा सपाट आणि म्हणून कंटाळवाण्या असतात, असे काही जण सांगतात. तर नकाशावर दिसणाऱ्या प्रत्येक वाटेवर सायकल नेता येत नाही, असेही ऐकले. मोटारीऐवजी रेल्वेने येण्याचा मानस आहे. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

चुनखडी

रेल्वेच्या वाटा सपाट असतात हे टिसिंग्टन आणि मॉन्सल या वाटांच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरे असले, तरी हाय पीक ट्रेलला ते लागू पडत नाही. ही वाट ज्या रेल्वेच्या मार्गावर आहे, ती क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वे १८३१ मध्ये पूर्ण झाली, तेव्हा ती बांधणाऱ्यांच्या डोक्यात कालव्याचेच गणित होते. क्रॉमफर्डचा कालवा आणि व्हेली ब्रिजचा कालवा डोंगरावरून जोडायचा, त्यासाठी शक्य तितके लांब सपाट टप्पे ठेवायचे आणि जिथे कालव्याला होड्या वर चढवण्यासाठी एकामागून एक लॉकगेटे (पाणी अडवणारे दरवाजे) बांधावी लागली असती, तिथे वाफेच्या स्थिर इंजिनाने वाघिणी चढावरून ओढून घ्यायच्या, अशी ती योजना होती. रूळ १९६७ नंतर निघाले, पण चढ जागच्या जागी आहेत. त्यामुळे क्रॉमफर्डकडून निघणाऱ्याला आधी शीप पाश्चर, मग मिडलटन आणि शेवटी हॉप्टन असे तीन चढ लागतात. मिडलटनचा चढ साधारण आठास एक, म्हणजे बारा टक्क्यांच्या आसपास आहे आणि हॉप्टनचा चौदास एक. पाठीमागे सामान असेल, तर तुमच्या गिअरवर मिडलटनला मांड्या बोलू लागतील. उतरून ढकलण्यात काही कमीपणा नाही.

मी हाच मार्ग सुचवीन आणि याच दिशेने. डर्बीला गाडी बदलून मॅटलॉककडे जाणाऱ्या रेल्वेफाट्यावरील क्रॉमफर्ड स्थानकावर उतरावे, कालव्याच्या काठाने हाय पीक जंक्शनपर्यंत जावे आणि ताज्या दमाने चढ उरकून घ्यावेत. हॉप्टननंतरचा माथ्यावरचा पट्टा हा या मार्गाचा खरा ऐवज आहे. मिनिंगलोजवळ रुळांसाठी रचलेला उंच भराव दोन्ही अंगांनी चुन्याविना बसवलेल्या दगडांवर उभा आहे. तिथे थांबून भिंतीचे दगड जवळून पाहावेत. पुढे गॉथम येथे मार्ग जवळजवळ काटकोनात वळतो आणि त्या वळणाची त्रिज्या अवघी पन्नास मीटर आहे. या वळणावरून आगगाडी कशी जात असेल, हा प्रश्न सायकलवर बसूनही पडतो.

पार्सली हे येथे टिसिंग्टन ट्रेल येऊन मिळतो. ॲशबोर्नपासून इथपर्यंतची ती २१ किलोमीटरची वाट सौम्य चढाची आणि लहान मुलांनाही झेपेल अशी आहे. तुमच्या बेतात ती नसली तरी चालेल. तुम्ही पार्सली हेहून मनीॲश आणि शेल्डन या गावांवरून अरुंद डांबरी रस्त्यांनी ॲशफर्डला उतरावे. शेल्डनजवळ शिशाच्या जुन्या मॅगपाय खाणीचे अवशेष आहेत. ॲशफर्डहून मॉन्सल हेडचा चढ चढून मॉन्सल ट्रेल गाठता येतो आणि त्याच वाटेने मुक्कामाला बेकवेल. सुटीच्या दिवशी या वाटेवर भर दुपारी मुले, कुत्री आणि भाड्याच्या सायकली यांची इतकी दाटी असते, की वेग विसरावा लागतो. संध्याकाळी पोहोचलात तर उत्तम.

डर्वेंटकाठ

वरील मार्ग चांगला आहे, पण तो पूर्णपणे व्हाइट पीकमधला, म्हणजे चुनखडीच्या प्रदेशातला आहे. दोन दिवस हाताशी असताना उत्तरेकडचा वालुकाश्माचा काळपट डार्क पीक वगळणे मला पटत नाही. दुसऱ्या दिवशी बेकवेलहून रस्त्याने हॅदरसेजमार्गे बॅमफर्डला यावे आणि तिथून थॉर्नहिल ट्रेलने लेडीबोवरच्या धरणापर्यंत जावे. ही छोटी वाटही रेल्वेचीच आहे. वरच्या धरणांच्या बांधकामासाठी सामान नेणारी ती रेल्वे होती. पुढे ॲशॉप्टनच्या पुलापासून जलाशयाच्या पूर्व काठाने फेअरहोम्स आणि मग डर्वेंट व हाउडेन या दोन्ही जलाशयांना वळसा. पूर्वेकडचा कच्चा रस्ता उत्तरेकडे जाताना अधिकाधिक दगडांचा होत जातो आणि ४० मिलिमीटरच्या टायरांची परीक्षा इथेच होते. पश्चिमेकडचा रस्ता डांबरी असून शनिवार-रविवारी आणि बँक हॉलिडेला फेअरहोम्सच्या पुढे मोटारींना बंद असतो, म्हणजे तुमच्या तारखा अगदी सोयीच्या आहेत.

वळशाच्या उत्तर टोकाला स्लिपरी स्टोन्स येथे एक दगडी पूल आहे. तो मुळात डर्वेंट गावात होता; लेडीबोवरच्या पाण्याखाली गाव जाणार म्हणून त्याचे दगड सुटे करून ठेवले गेले आणि नंतर तो इथे पुन्हा उभारला गेला. बॅमफर्डहून शेफील्ड आणि शेफील्डहून लेस्टर अशी परतीची गाडी मिळते. लांब पल्ल्याच्या गाडीत सायकलींची जागा मोजकीच असल्याने दोन्ही सायकलींचे आरक्षण आधी करून ठेवा. सुटीच्या दिवशी फलाटावर विनवणी करून भागत नाही.

नकाशावाचक

वाटांच्या हक्काविषयी लिहितो. इंग्लंडमध्ये १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टच्या ३० व्या कलमाने सायकलस्वारांना ब्रिडलवेवर, म्हणजे घोड्यावरून आणि पायी जाण्याचा हक्क असलेल्या वाटांवर, जाण्याचा हक्क दिला. मात्र घोडेस्वार आणि पायी चालणारे यांना आधी वाट द्यावी, ही अटही त्यातच आहे. पायवाटांवर असा हक्क नाही. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या राष्ट्रीय नकाशा संस्थेच्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर हिरव्या आखूड तुटक रेषा म्हणजे पायवाट आणि लांब तुटक रेषा म्हणजे ब्रिडलवे. तुमच्या पहिल्या दिवसासाठी ओएल २४ क्रमांकाचा नकाशा लागेल, दुसऱ्यासाठी ओएल १. मोबाइलवरील मार्ग आखणारी ॲप या भेदाकडे कधी कधी काणाडोळा करतात, म्हणून आखलेला मार्ग या नकाशावर ताडून घ्यावा. डव्हडेल आणि ची डेल या दऱ्यांची छायाचित्रे पाहून मोह होईल, पण तिथल्या नदीकाठच्या वाटा पायी जाणाऱ्यांच्या आहेत. स्कॉटलंडमधले नियम याहून पुष्कळ सैल आहेत. तिथल्या मित्रांचा सल्ला इथे उपयोगाचा नाही.

लेस्टरवासी

सर्वांचे मनापासून आभार. पहिला दिवस क्रॉमफर्ड ते बेकवेल आणि दुसरा बेकवेल ते बॅमफर्ड, असे ठरवत आहोत. दोन शंका राहतात: पाऊस लागला तर कोणता टप्पा गाळावा, आणि मॉन्सल ट्रेलच्या बोगद्यांत स्वतःचे दिवे लागतील का?

चुनखडी

पावसात हाय पीक ट्रेल बिनधास्त करा. बारीक खडी पाणी लवकर सोडते. मात्र चुनखडीचा ओला पांढरा गाळ चेनमध्ये आणि ब्रेकच्या पट्ट्यांत बसतो आणि वाळला की कुरकुर सुरू होते, म्हणून मुक्कामावर दोन्ही साध्या पाण्याने धुऊन चेनला तेल द्यावे. गाळायचाच असेल तर डर्वेंटच्या पूर्व काठाचा दगडी भाग गाळा आणि पश्चिमेच्या डांबरी रस्त्याने जाऊन त्याच रस्त्याने परत या. मोठे बोगदे प्रत्येकी साधारण चारशे मीटरचे आहेत. ते २०११ मध्ये खुले झाले, तेव्हापासून आत दिवे आहेत, पण ते दिवसापुरतेच असतात. मी संध्याकाळी जाण्याचा सल्ला दिला आहे, तेव्हा पुढचा आणि मागचा असे दोन्ही दिवे सायकलीला असू द्यावेत.