चारही बाजू वेल्ड करू नका

राजेहो, वर एका भाऊंनी सुचवलं की डिमॉलिशन डर्बीच्या (जुन्या गाड्या मुद्दाम एकमेकींवर ठोकायच्या, शेवटपर्यंत चालेल ती जिंकली) गाडीचं सस्पेन्शन, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगा, चारही बाजूंनी वेल्ड करून टाकावं, हलूच नये असं. मला हे बिलकुल पटत नाही. अमेरिकेतल्या या खेळात मुरलेला ड्रायव्हर शक्यतो रिव्हर्समध्ये, मागच्या अंगाने ठोकतो, कारण पुढे रेडिएटर असतो. तो फुटला की इंजिन तापून गाडी बाद. म्हणून कडकपणा मागे पाहिजे. मागचा भाग बसला की बम्पर खाली जातो, समोरची गाडी वर चढते, अन् चाक बॉडीत घासून टायर फाटतो. आपल्याकडे कापूस वाहणाऱ्या पिकअपला जादा पाटा (स्प्रिंगची लोखंडी पट्टी) टाकतात, तेच तत्त्व. पाटे क्लॅम्पने घट्ट आवळायचे. पाट्यांऐवजी कॉइल (गुंडाळीची) स्प्रिंग असेल तर अ‍ॅक्सल, म्हणजे चाकांचा दांडा, साखळीने चेसिसला बांधतात.

पुढे मात्र थोडी हालचाल राहू द्या. वेग आटोक्यात राहावा म्हणून तिथलं मैदान पाणी मारून चिखलाचं करतात. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी घातलेल्याला माहीत आहे, गाडी सगळीकडून ताठ असली अन् एखादं चाक चाकोरीत अधांतरी राहिलं की पकड गेलीच, मग कितीही रेस द्या.

आणि वेल्डिंग मशीन लावण्याआधी त्या स्पर्धेचे नियम वाचा. कुठे वेल्ड चालतं, कुठे फक्त क्लॅम्प.