ताट कुणी उचलायचं?
टीव्हीवरच्या जाहिरातींचं काय एवढं, "मुलं पडद्यावरचं बघतात आणि विसरतात" असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही. आमच्या शिवाजी पेठेतल्या घरी रविवारचा तांबडा रस्सा भाऊच करतो. तरी त्याचा सहा वर्षांचा पोरगा परवा ताट उचलायला सांगितल्यावर म्हणाला, "ते आईचं काम." हे आलं कुठून? साबणाच्या जाहिराती बघा: चिखलात लोळणार मुलगा, कपडे धुणार आई. (रश्शानंतरची भांडी भाऊही घासत नाही, हेही खरं म्हणा!) मग पोराला तेजस्विनी सावंतचा नेमबाजीचा व्हिडिओ दाखवला. आपल्या कोल्हापूरची, २०१० साली म्युनिकला जगज्जेती झालेली. पठ्ठ्या दोन दिवस लाटणं खांद्याला लावून नेम धरत फिरतोय. ताट मात्र अजून वहिनीच उचलते.