मदत हवी आहे: तांब्याच्या जुन्या बंबावरचे पोचे खरे वाटत नाहीत

क्रिटामध्ये (संगणकावर चित्र रंगवायचं सॉफ्टवेअर) तांब्याचा जुना बंब रंगवतेय. रोज पेटणारा, म्हणून खाली काजळी, तोटीच्या सांध्याशी हिरवा थर, आणि पोटावर चिंचेने घासलेल्या जागीच चकाकी. घाट जमलाय, पण पत्रा अजून प्लास्टिकसारखा दिसतो.

चकाकीतला पांढरा काढून फिकट नारिंगी घेतला, कारण तांबं उजेड परत फेकतानाही आपला रंग देतं. त्याने बराच फरक पडला. काळपटपणासाठी मल्टिप्लाय लेयर (खालचा रंग गडद करणारा थर) वापरलाय. खालचा रंग उजळवणाऱ्या कलर डॉज लेयरने रंग भडकला, तो काढून टाकला. काजळी आणि हिरवा थर मुद्दाम मॅट ठेवलेत, तिथे चमक अजिबात नाही.

अडतंय ते पोच्यांपाशी. खऱ्या बंबावर पोच्यात प्रतिबिंब वाकतं, कधी उलटंही होतं. मी एका कडेला उजेड आणि आत सावली दिली की तो पोचा न वाटता डाग वाटतो. तीन वेळा पुसून झालं.

चित्र ए३ छपाईसाठी आहे, ३०० डीपीआयला ३५०८ × ४९६१ पिक्सेल. पेनला टिल्ट नाही, म्हणजे तिरका धरलेला त्याला कळत नाही. फोटोचं टेक्श्चर चिकटवायचं नाही, थ्रीडी मॉडेलही नको. सगळं हातानेच हवंय. संदर्भाचे फोटो माझे स्वतःचे आहेत, पण सगळे ढगाळ उजेडातले.

तुम्ही आधी पूर्ण पोटावर अखंड प्रतिबिंब रंगवून मग ते पोच्यापाशी मोडता, की प्रत्येक पोच्याचं प्रतिबिंब वेगळं रचता? आणि घासलेला भाग काळपट भागाला भिडतो तिथली कड कुठे धारदार, कुठे मऊ ठेवायची हे कशावरून ठरवता?