'शे' म्हणजे काय शे?

प्रश्न : मूळचा साताऱ्याचा, बदली होऊन धुळ्यात आलोय. बाजारात कानावर पडलं, "वांगास्ना भाव कितला शे?" "दोनशे शे." यातला शंभराचा 'शे' कळला, बाकीचे? ऑफिसातले एक जण म्हणतात, ही गुजराती 'छे'ची उसनवारी. खरं आहे का?

अमळनेरहून : बाकीचे 'शे' म्हणजे आमच्या खानदेशातल्या अहिराणीतलं 'आहे'. मी शे, तू शे, तो शे. तुम्ही, त्या (म्हणजे ते) मात्र 'शेतस'. 'छे'शी नातं आहे हे तुमचे सहकारी बरोबर सांगतात, पण उसनवारी मला पटत नाही. प्राकृतात 'अच्छइ' असं क्रियापद होतं, अर्थ असतो, राहतो. गुजरातीचं 'छे' त्यातलंच. बंगालीचं 'आछे', मैथिलीचं 'अछि', नेपाळीचं 'छ' ही त्याचीच भावंडं. तेच खानदेशात उतरलं असावं, पण 'छ'चा 'श' होऊन. आणि ही खोड गुजरातीची नाही, मराठीची आहे. 'क्षेत्र'चं प्राकृत 'छेत्त', त्याचं आपण शेत केलं. 'छगण'चं शेण. पुढे ए किंवा इ नसेल तर साधा 'स' : मच्छचा मासा, उच्छूचा ऊस. तेव्हा माझ्या मते 'शे'चं गोत्र गुजरातीशी जुळतं आणि जिभेचं वळण मराठीशी.

अहिराणीला कुठल्या खान्यात टाकायचं, यावर विद्वानांचं घोडं इथेच अडतं. भाषातज्ज्ञ जॉर्ज ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात मराठी सातव्या खंडात (१९०५) आहे, आणि खानदेशी, म्हणजे आपली अहिराणी, नवव्यात, भिल्ली भाषांच्या पंगतीला (१९०७). जनगणनाही ती मराठीत धरत नाही. २०११ साली खानदेशीच्या खात्यात १८ लाखांवर माणसं होती. 'मराठी' लिहून मोकळे झालेले आमच्यासारखे वेगळेच.

'दोनशे'तला शे निराळा. तो 'शत'चा, मधे प्राकृत 'सय'. शंभरही त्याच घरचा.

सटाण्याहून : भाऊ, इतलं लांब कसाले जातस? जुन्या मराठीत 'असे' आहेच की. 'तो असे' मधला 'अ' गळाला, काम झालं. शिवाय कितीतरी जण 'शे' म्हणतच नाहीत, सरळ 'से' म्हणतात.

अमळनेरहून : 'असे' मी नाकारत नाही. पण मच्छ-मासा या नियमाने 'अच्छइ'चंही 'असे' होऊ शकतं, मग भांडायचं कशावर? 'से'चं मात्र खरं. त्याने रेल्वेत गंमत होते. आपला माणूस खिडकीतून बघून सांगतो, "हाई जळगाव से", आणि समोरच्या हिंदीवाल्याला वाटतं, हा जळगावहून आलाय.

नंदुरबारहून : अर्थाचा विषय निघालाच आहे तर देशाबाहेर जाऊन येऊ. फारसीत 'से' म्हणजे तीन. तीन तारांचं ते सेहतार, त्याचं हिंदीत सितार, आपल्याकडे सतार. तारा पुढे कितीही वाढल्या तरी नावात तीनच राहिल्या. आयर्लंडच्या भाषेत तर 'शे' म्हणजे सहा! आणि हा सहा आपल्या 'षट्'चा दूरचा सख्खा. म्हणजे एकाच उच्चाराला तीन, सहा आणि शंभर. व्यापाऱ्याने भाव सांगताना जपून. त्याच आयरिशमध्ये 'शे' म्हणजे 'तो' असाही अर्थ आहे, तेव्हा आपलं 'तो शे' तिकडच्या माणसाला 'तो तो' ऐकू येईल. फ्रेंचांचा 'शे' म्हणजे 'च्या घरी'. तो लॅटिन 'कासा'वरून, म्हणजे झोपडी, घर. 'शे मुआ' म्हणजे माझ्या घरी. यातल्या 'षट्'ची सोयरीक सोडली तर बाकी कुणाचं कुणाशी काही नातं नाही. उच्चार इतका आखूड असला की असं होणारच.

पुन्हा धुळ्याहून, प्रश्नकर्ता : आभार. एक शेवटचं. 'शेतस' ऐकलं की मला शेतच आठवतं. तुम्हा लोकांचा गोंधळ होत नाही?

सटाण्याहून : नाही हो. शेतले आम्ही वावर म्हणतस.