मेलाटोनिन आणि सूज: माणसांत किती दिसलंय?

'मेलाटोनिन जबरदस्त अँटिऑक्सिडंट आहे, सूजही कमी करतं, मग रोज घ्यायला काय हरकत?' या प्रश्नावर थोडं सांगतो. मेलाटोनिन म्हणजे रात्री आपल्या शरीरात तयार होणारं झोपेचं संप्रेरक (हार्मोन), ते गोळीतूनही घेतात.

१९९३ मध्ये मेलाटोनिनचा हायड्रॉक्सिल रॅडिकल (पेशींना इजा करणारा कण) निकामी करण्याचा गुण दिसला तो परीक्षानळीत. तशा प्रयोगांतलं प्रमाण रात्री आपल्या रक्तात असतं त्याच्या हजारो पट. शिवाय गोळीतलं बरंचसं यकृतच वाटेत फस्त करतं, जेमतेम १५ टक्के रक्तात पोचतं.

पण माणसांत काहीच दिसलं नाही असंही नाही. २००१ मध्ये इटलीत सेप्सिस (जंतुसंसर्गामुळे होणारा जिवावरचा आजार) झालेल्या १० नवजात बाळांना २० मिलिग्रॅम मेलाटोनिन दिलं. त्यांच्या रक्तातलं मॅलोनडायअल्डिहाइड उतरलं. पेशींमधली चरबी खवट होते ना, त्याची ही खूण. (तेलाच्या डब्यासारखंच, फक्त वास येत नाही!) मोठ्यांच्या चाचण्यांतही सीआरपी, आयएल-६ या रक्तातल्या सुजेच्या खुणा थोड्या खाली आलेल्या दिसतात, मात्र बहुतेक चाचण्या छोट्या आणि काही आठवड्यांच्या. आकडा उतरला म्हणजे आजार हटला, असं मला तरी म्हणवत नाही.

आणि मेलाटोनिनच्या गमीजच्या (चघळायच्या गोड गोळ्यांच्या) नादी लागू नका. २०२३ मध्ये अमेरिकेत २५ प्रकार तपासले, त्यांतल्या २२ वरचं लेबल चुकीचं निघालं. एकात तर मेलाटोनिनच नव्हतं! फ्लुवोक्सामिन (नैराश्य, ओसीडी अशा मानसिक आजारांवरचं औषध) चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नका, रक्तातलं मेलाटोनिनचं प्रमाण कित्येक पट चढतं.