केजीएफच्या सायनाइड टेकड्यांवर ट्रेक न्यायचा का?

घाटवाट: काल इथे एका ट्रेक ग्रुपची जाहिरात पडली: ‘ओसाड सोन्याचं गाव केजीएफ! पांढऱ्या टेकड्यांवर सूर्यास्त.’ केजीएफ म्हणजे कर्नाटकातलं कोलार गोल्ड फील्ड्स, सोन्याच्या खाणींचं गाव. वाचून डोकं फिरलं. ओसाड कसलं? तिथल्या मारिकुप्पम स्टेशनवरून पहाटेच्या गाड्या भरून माणसं बंगळूरला कामाला जातात, रात्री परततात. आणि त्या टेकड्या म्हणजे खडक दळून, सायनाइडने सोनं काढून उरलेला गाळ. मी गेलो होतो तेव्हा वारा सुटला होता. एका घरात पाण्याच्या हंड्यावर ओलं फडकं ताणून बांधलं होतं, तरी त्यावर करडी पूड बसलेली. तिथे उड्या मारत रील काढायची?

सह्यवेडा: भाषा चुकली असेल, पण खाण 28 फेब्रुवारी 2001 ला बंद झाली. गावात रोजगार कुठे आहे? राजमाचीला उधेवाडीत ट्रेकर जातात म्हणून घरोघरी चूल पेटते. कोलारच्या रिक्षावाल्याला चार पैसे मिळाले तर तुमच्या पोटात का दुखतं?

परळकर: चार पैसे कोणाला मिळतात ते आम्हाला विचारा. माझे वडील मुंबईत गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. 82 च्या संपानंतर गिरणीचं दार उघडलंच नाही. 1991 च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते, एक मोकळ्या जागेला, एक घरांना, एक मालकाला. 2001 साली बदल करून वाटणी फक्त रिकाम्या जागेची ठेवली. रिकामी जागा होती किती? आता तिथे मॉल आहे आणि जुनी चिमणी शोभेला ठेवलीय. वडील गेले, गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीत नाव लागलं नाही.

सह्यवेडा: दादा, धागा केजीएफचा आहे. प्रत्येक ठिकाणी गिरण्या आणू नका.

परळकर: का नको? कामगार हटवायचा आणि मग त्याच्या जागेवर तिकीट लावायचं, गोष्ट तीच आहे. तुमच्या घरातलं कोणी गिरणीत नव्हतं म्हणून बोलताय.

सह्यवेडा: माझे आजोबा लालबागच्या गिरणीतच होते. घरापर्यंत जाऊ नका.

कुलाब्याची लेक: भांडा, पण खाण नुसती सोन्याची नव्हती हेही सांगा. आपल्या टीआयएफआरचे, म्हणजे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे लोक तिथल्या चॅम्पियन रीफ खाणीत दोन किलोमीटरहून खोल उपकरणं लावून बसले होते. 1965 मध्ये वातावरणातल्या न्यूट्रिनो नावाच्या सूक्ष्म कणांची नोंद तिथे झाली, जगात पहिल्यांदा ज्यांनी केली त्यांच्यात आपण होतो. माझे मामा त्या कामावर जायचे. खडक फुटल्याचा आवाज आला की सगळ्यांचे चेहरे उतरायचे, असं सांगायचे. कावेरीवरच्या शिवनसमुद्र धबधब्याची वीज 1902 साली या खाणीला आली, बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे लागायच्या आधी. एवढं असताना जाहिरातीत फक्त सूर्यास्त?

सह्यवेडा: ठीक आहे, टेकड्यांवर नेऊ नये हे मान्य. पण जाऊच नका म्हणणं मला पटत नाही.

घाटवाट: जाऊ नका असं मी कुठे म्हटलं? चढायची हौस असेल तर कोलारजवळ अंतरगंगेच्या डोंगरावर चढा, तिथे दगडांच्या कपारी आणि गुहा आहेत. केजीएफला गेलात तर खाणीत राबलेल्या माणसाला वाटाड्या म्हणून घ्या. त्याला किती देणार तो आकडा जाहिरातीत छापा. ग्रुपने ते केलं तर मी स्वतः पैसे भरून येतो.

परळकर: आणि आमच्या घरांचं?